पुन्हा सरांना दिसलेलं चौदा

पुन्हा सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते धुरातून. नोकरीचा पहिला दिवस, पायात करकरणारे नवे बूट, काखेत रंगपेटी. शाळेच्या लांबलचक व्हरांड्यात मी पाऊल टाकतो, तर टोकाच्या वर्गातून पांढरे लोट बाहेर पडताहेत. लोट म्हणजे अगदी लोट. ज्वालामुखीने लाजून मान खाली घालावी असे. आत कोणी खोकत होतं, कोणी शिंकत होतं, आणि या सगळ्यावर एक जाडसर, शांत आवाज थोड्या थोड्या वेळाने एकच शब्द म्हणत होता, 'पुन्हा.' मला वाटलं, शाळा पेटली आहे आणि आत अडकलेला कोणी थोर पुरुष मुलांना शेवटचा मंत्र देतो आहे. मी रंगपेटी टाकली आणि पाणी शोधायला धावलो. वाटेत शिपाई स्टुलावर बसून नखं कापत होता. मी ओरडलो की आग लागली आहे. त्याने त्या लोटांकडे पाहिलं, मग माझ्या बुटांकडे पाहिलं, आणि नखं कापणं न थांबवता म्हणाला, "आग नाही. गणित आहे."

तोवर मी नळाखालची बादली उचलून वर्गाच्या दारात पोहोचलो होतो. धूर जरा बसला आणि त्यातून हळूहळू एक आकृती वर आली. जमिनीतून उकरून काढलेला, अजून नीट न झटकलेला पुतळा असावा तशी. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, कोपरापर्यंत हात पांढरे, एका मुठीत खडू, दुसरीत डस्टर. पुतळ्याने माझी बादली पाहिली.

"फळा पुसायला आणलीत? छान. रोज आणत जा."

मी चित्रकलेचा शिक्षक म्हणून त्या शाळेत लागलो होतो हे पुढचे कित्येक आठवडे कोणाला पटलंच नाही.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच पडून राहिलं होतं. मुलं त्यांना पुन्हा सर म्हणत, मुलांचे आईबाप पुन्हा सर म्हणत, आणि एकदा मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, भर संमेलनात पाहुण्यांना त्यांची ओळख 'आमचे पुन्हा सर' अशी करून दिली. सरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांची पद्धतच तशी होती. एक गणित तीनदा सोडवायचं. पहिल्यांदा सरळ, दुसऱ्यांदा उत्तराकडून उलटं, म्हणजे ताळा घेऊन, आणि तिसऱ्यांदा पुस्तक मिटून. मधे कुठे चूक झाली की पुसायचं आणि पुन्हा. त्यातही एका चुकीवर त्यांचा खास राग. कंसाबाहेर वजा असेल तर कंस सोडताना आतली चिन्हं बदलायची असतात. मुलं पहिलं चिन्ह बदलतात आणि पुढचं विसरतात. ही चूक दिसली की सर वहीवर इतकं मोठं लाल वर्तुळ काढत की ते मागच्या पानावर उमटे. माझ्या वर्गात मुलांना सुबक वर्तुळ काढता येत नसे. मी सरांनी तपासलेल्या वह्या नमुना म्हणून दाखवत असे.

घरीही तोच खाक्या. वहिनी एकदा मला सांगत होत्या, "भाजीत मीठ घातलंय का, एवढंच विचारलं होतं हो मी. तर म्हणतात, चाखून बघ, मग डब्यातलं किती कमी झालं ते बघ, आणि दोन्ही जुळलं तर घातलंय."

उपजत हुशारी ही चीज सरांच्या मते जगात नव्हतीच. आळशी लोकांनी उठवलेली ती एक अफवा होती. लहानपणी ते स्वतः गणितात गटांगळ्या खात. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या त्यांच्या वडिलांनी शेजारपाजारी जाहीर केलं होतं की या दगडाला पाझर फुटायचा नाही. मग दगड ईर्षेला पेटला. रोज पहाटे उठून त्याने गणितं घासली, घासून घासून स्वतःला गुळगुळीत केलं, आणि शेवटी त्याच विषयाचा मास्तर होऊन फळ्यासमोर उभा राहिला. "लोक गणितात गाडीने येतात," ते मला म्हणत, "मी पायी आलोय. म्हणून मला वाटेतला खड्डान् खड्डा माहीत आहे." शिक्षकांच्या खोलीत कोणी एखाद्या मुलाला जन्मतःच डोकं आहे असं म्हणालं की सर चहाचा पेला खाली ठेवत. डोकं सगळ्यांनाच जन्मतः असतं, ते म्हणत, वापरायला कोणी काढत नाही एवढंच.

असं सगळं नाकासमोर चाललेलं असताना त्यांच्या वर्गात खिडकी आली.

खिडकी म्हणजे मुलगी. शाळेमागे लाँड्री होती, तिथल्या लाँड्रीवाल्यांची एकुलती एक लेक. तिचंही नाव मुलांनी रद्द केलं होतं, कारण ती सदानकदा खिडकीबाहेर बघत बसायची. बाहेर होतं तरी काय? तिच्याच बापाचं आवार. आवारभर दोऱ्या ताणलेल्या आणि दोऱ्यांवर दवाखान्यांच्या, लॉजांच्या, खानावळींच्या चादरी, अभ्रे, टेबलांवर अंथरायचे मेजपोस. वारा आला की सगळं आवार एकदम श्वास घ्यायचं आणि सावकाश सोडायचं. दुपारच्या उन्हात त्या पांढऱ्याकडे फार वेळ पाहिलं की आपण जागे आहोत की नाही याचा भरवसा वाटेनासा होई. मी स्वतः त्या दृश्याची जलरंगात अनेक चित्रं काढली आणि प्रत्येक वेळी बघणाऱ्यांनी विचारलं की कागद कोराच का ठेवलाय.

एका दुपारी सर फळ्यावर विषम संख्यांची बेरीज लिहीत होते. एक अधिक तीन अधिक पाच, असं करत तेवीसपर्यंत. ते शेवटचा आकडा लिहीत होते आणि खिडकी, बाहेरच बघत, जांभई देता देता म्हणाली, "एकशे चव्वेचाळीस."

सरांनी बेरीज केली. एकशे चव्वेचाळीस. उलटी केली. एकशे चव्वेचाळीस. मग त्यांनी तिला उभं केलं आणि कोणत्या पुस्तकातून पाठ केलंस म्हणून विचारलं. ती म्हणाली, पाठ नाही, दिसलं. कोपऱ्यात एक चादर अंथरली, तिला लागून तीन अंथरल्या, की दोन बाय दोनचा चौकोन होतो. त्याच्या बाजूने पाच, की तीन बाय तीन. असं बारा वेळा अंथरलं की बारा बाय बारा. हे तिने, घरी जाताना डावीकडे वळायचं असतं, अशा सुरात सांगितलं आणि खाली बसली.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत सरांचा चहा पेल्यातच गार झाला. बराच वेळ ते खडूची पूड झाडत बसले, आणि मग मला म्हणाले, "अहो चित्रकार, मी तीस वर्षं या घराचे जिने झाडतोय. ही पोरगी गच्चीवर उभी आहे. कुठून गेली वर?"

पण गच्चीवर उभं राहून परीक्षा पास होता येत नाही. शेवटच्या वर्षाची पूर्वपरीक्षा झाली आणि खिडकी गणितात साफ आपटली. एकही उत्तर चुकलं नव्हतं. प्रत्येक प्रश्नापुढे फक्त उत्तर होतं आणि खाली कोरं पान, माझ्या जलरंगासारखं. उत्तराला एक गुण, बाकीचे सगळे पायऱ्यांना, असा नियम. मोठ्या बाईंनी लाँड्रीवाल्यांना बोलावलं. ते आले, इस्त्रीच्या वाफेने कायम लालसर झालेला चेहरा आणि हाताची घडी. सरांनी त्यांना पोटतिडकीने सांगितलं की तुमच्या मुलीला जे दिसतं ते मला जन्मात दिसलेलं नाही. लाँड्रीवाल्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"दिसतं म्हणून कोणी पास करतं का, सर?"

लाँड्रीवाल्यांनी आपला हिशेब सांगितला. मोठ्या परीक्षेत गणित सुटलं तर पोरगी कॉलेजात जाईल, ते फी भरतील, तक्रार नाही. नाही सुटलं तर इस्त्रीचं दुसरं टेबल रिकामं आहे. दुष्टावा नव्हता त्यांच्या बोलण्यात. घडी घातलेली चादर पुन्हा उलगडायची नाही, एवढाच त्यांचा स्वभाव.

खिडकी दाराशी उभी होती. तिला इस्त्री येत होती, सुंदर येत होती. म्हणूनच तिचा चेहरा पांढरा पडला असावा.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर माझ्या चित्रकलेच्या वर्गात शिकवणी सुरू झाली. माझा वर्ग निवडला कारण आवाराकडची सगळ्यात मोठी खिडकी तिथे होती, आणि दुसरं म्हणजे ठरलेला सौदा. हा सौदा सरांनी मान खाली घालून, पेन्सिलला उगीचच टोक काढत, मला सांगितला: ते तिला पायऱ्या शिकवणार आणि ती त्यांना बघायला शिकवणार. एवढं वय झालं, ते म्हणाले, एकदा, फक्त एकदा, उत्तर शेवटच्या ओळीआधी भेटावं अशी इच्छा आहे. मी हसलो नाही. मी मडक्यांची चित्रं तपासत असल्याचं नाटक करत कोपऱ्यात बसलो, आणि सबंध हिवाळाभर मडकीच तपासत राहिलो.

काय त्या संध्याकाळी होत्या! मावळतीचं ऊन तिरपं आत यायचं, त्यात खडूचे कण तरंगायचे, पलीकडे चादरी फुगायच्या आणि बसायच्या, आणि मधे ही गुरुशिष्यांची जोडी. त्यातला गुरू कोण हे दर अर्ध्या तासाने बदलायचं.

खिडकीला पायऱ्या म्हणजे निव्वळ छळ वाटे. हातच्या कांकणाला आरसा कशाला, अशी तिची तक्रार.

"सर, मला घर समोर दिसतंय. मग मी पत्ता कशाला लिहू?"

"पोस्टमनसाठी," सर म्हणाले. "तपासणारा तुझ्या डोक्यात राहायला आलेला नाही. तो बिचारा लांबच्या गावाहून येतो, त्याला गल्ली लागते, वळण लागतं, दार लागतं. लिही. पुन्हा."

मग पाळी बदले. खिडकी फळ्याजवळ खुर्ची ओढून बसे आणि सर बाकावर. ती त्यांना बाहेर बघायला सांगे. सर बघत, म्हणजे भुवया आवळून, मान पुढे काढून, चादरींनी चोरी केली आहे आणि आता ती कबूल करून घ्यायची आहे अशा थाटात.

"इतकं ताणून नका बघू. घाबरतं ते. डोळे सैल सोडा."

"डोळे म्हणजे नाडी आहे का, सैल सोडायला?"

मी कोपऱ्यातून माझी अक्कल पाजळली की चित्रकारही पापण्या अर्ध्या मिटून बघतो, म्हणजे बारकावे जातात आणि आकार उरतात. सरांनी पापण्या अर्ध्या मिटल्या. पाच मिनिटांनी ते घोरत होते. खिडकीने फळ्यावर डस्टर आपटलं आणि त्यांच्याच जाडसर आवाजात म्हणाली, "पुन्हा."

असे दिवस गेले. सरांना चादरी दिसत, दोऱ्या दिसत, कुठल्या अभ्र्याचा चिमटा निसटलाय ते दिसे. गणित काही दिसेना. एकदा त्यांनी मोठ्या आशेने सांगितलं की मला काहीतरी गोल दिसतंय. तो लाँड्रीवाल्यांचा टब होता. आमच्या शिपायाने तर शाळाभर केलं की गणिताचे सर हल्ली चित्रकलेच्या सरांकडे डुलकी घ्यायला जातात आणि त्यासाठी एका मुलीची शिकवणी लावली आहे.

खिडकीची गाडी मात्र हळूहळू रुळावर आली. अक्षर सरळ झालं, ओळीखाली ओळ येऊ लागली, बरोबरची चिन्हं एकाखाली एक शिस्तीत उभी राहिली. सर खूश. मग एका संध्याकाळी तिने गणित पूर्ण लिहिलं, उत्तर बरोबर आलं, आणि ती पेन ठेवून बाहेर बघत बसली. बराच वेळ बसली.

"सर, काल चादरी नुसत्याच चादरी होत्या," ती म्हणाली. "आजही तशाच आहेत."

सरांनी तिला लवकर घरी पाठवलं. ती गेल्यावर ते माझ्या टेबलाशी आले आणि नमुन्याला ठेवलेल्या मातीच्या मडक्यावर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, पोरगी चांगली गच्चीवर होती, मी तिला खाली आणून झाडू हातात दिला. थांबवू का शिकवणी? मी म्हटलं, थांबवलीत तर इस्त्रीचं टेबल आहेच. हे त्यांनाही ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी शिकवणी झाली, पण सरांच्या 'पुन्हा'मधला जोर गेला होता. तो शब्द ते आता विनंती केल्यासारखा म्हणायचे.

परीक्षा तोंडावर आली तेव्हाची गोष्ट. सरांनी नव्या पुस्तकातलं एक गणित फळ्यावर लिहिलं, त्यांनीही आधी न सोडवलेलं. एक चौरस बाग आहे. तिच्या आतल्या कडेने चारी बाजूंना दोन मीटर रुंदीची वाट आहे. वाटेचं क्षेत्रफळ शहाण्णव चौरस मीटर. तर बागेची बाजू किती? खिडकी वही उघडून लिहायला लागली. सर सवयीने बाहेर वळले. त्या दिवशी ते काही बघायला वळले नव्हते. थकले होते एवढंच.

आवारात खानावळीचे मेजपोस वाळत होते. पांढरे, चौकोनी, कडेला निळी पट्टी. शिंप्याने ती पट्टी चार सारख्या तुकड्यांची लावली होती. एक तुकडा जिथे संपतो तिथून दुसरा काटकोनात निघतो, मग तिसरा, मग चौथा, पाठशिवणीच्या खेळासारखा. वारा पडला होता. सगळं आवार श्वास रोखून उभं होतं. सरांच्या भुवया हळूहळू सैल झाल्या, खांदे खाली आले, आणि झोपेत बोलावं तसे ते म्हणाले, "चौदा."

खिडकीचं पेन थांबलं. माझं मडकं थांबलं.

"चार पट्ट्या," सर म्हणाले. "प्रत्येकीत चोवीस. दोन रुंद, म्हणजे बारा लांब. कोपऱ्याचे दोन मिळवले की... चौदा."

ते उठले, फळ्याकडे गेले आणि १४ लिहिलं. खडूच्या टोकाने दोनदा टिचकी मारली. त्यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे होतं ते मला रंगवता आलं असतं तर मी ड्रॉइंग मास्तर राहिलो नसतो.

आणि मग तीस वर्षांची सवय जागी झाली. दिसलं म्हणून काय झालं? बाजू क्ष मानून त्यांनी झरझर पायऱ्या लिहायला घेतल्या. क्षचा वर्ग, त्यातून वजा कंसात क्ष वजा चार याचा वर्ग. खडू मोडला, दुसरा घेतला. शेवटची ओळ आली: क्ष बरोबर दहा.

ते थांबले. चौदाकडे पाहिलं, दहाकडे पाहिलं. दहा पायऱ्यांनी आलं होतं, एकेक पायरी चढून, पायी. चौदा कुठून तरी वाऱ्यावर आलं होतं. सरांनी डस्टर उचललं आणि चौदा पुसून टाकलं. पुसताना त्यांनी फळ्याकडे बघितलं नाही.

"भास झाला," ते मला म्हणाले. "म्हातारपण, दुसरं काय." आणि बाकावर येऊन बसले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी ताळा घेतला नव्हता.

खिडकी फळ्यासमोर गेली होती. ती बाहेर बघत नव्हती. तिचं बोट एकेका ओळीवरून खाली उतरत होतं, सावकाश, अंधारात जिना उतरावा तसं. तिसऱ्या ओळीवर ते थांबलं.

"सर, कंसाबाहेर वजा आहे. पहिलं चिन्ह बदललंत. सोळाचं राहिलं."

सर फळ्याजवळ गेले. चष्मा काढला, पुसला, घातला. मग खिशातून लाल पेन काढलं, आणि ते फळ्यावर चालत नाही हे लक्षात येऊन परत ठेवलं. खिडकीने कपाटातून माझा तांबडा खडू आणून त्यांच्या हातात दिला. सरांनी स्वतःच्या चुकीभोवती वर्तुळ काढलं. इतकं गोल वर्तुळ मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

"पुन्हा," खिडकी म्हणाली. तिचा आवाज अगदी मऊ होता.

त्यांनी पुन्हा केलं. चौदा आलं. उलटं केलं. चौदा. पुस्तक मिटून केलं. चौदा. मग ते खिडकीकडे वळले. काहीतरी मोठं बोलणार असं मला वाटलं. दिसणं आणि घासणं यावर, किंवा देवावर तरी. ते म्हणाले, "तुला सापडलं कसं?"

"पायरी पायरीने," ती म्हणाली.

दोघंही हसायला लागली. का कोण जाणे, मीही. बाहेर वारा सुटला आणि सगळे मेजपोस एकदम हलले. आम्ही तिघं कितीतरी वेळ तिथेच बसून राहिलो, दिवा लावायचं कोणाला सुचलं नाही. शिपायाने येऊन दार वाजवलं आणि कुलूप लावू का म्हणून विचारलं तेव्हा सर दचकून म्हणाले, लाव, पण नीट लागलंय का ते ओढून बघ. मग जरा थांबून म्हणाले, नको, राहू दे, लागलंच असेल. वहिनींना ही हकीकत मी सांगितली तेव्हा त्यांनी सरांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

परीक्षा झाली. खिडकीने पेपरात पायऱ्या लिहिल्या, सगळ्या, एकाखाली एक. निकालाच्या दिवशी लाँड्रीवाले दुकान उघडं टाकून शाळेत आले, फलक वाचला, आणि लेकीची कॉलेजची फी किती हे त्यांनी मोठ्या बाईंना तिथेच उभ्या उभ्या विचारलं. इस्त्रीच्या दुसऱ्या टेबलावर त्यांनी एक माणूस ठेवला.

पुन्हा सरांना नंतर कधी काही दिसलं नाही. निवृत्त होईपर्यंत ते मधल्या सुट्टीत माझ्या वर्गात येत आणि पापण्या अर्ध्या मिटून बाहेर बघत बसत. बहुतेक वेळा मलाच त्यांना उठवावं लागे. पुढे लाँड्रीवाल्यांनी कपडे वाळवायचं यंत्र घेतलं आणि दोऱ्या काढून टाकल्या.

खिडकीला गणितात त्रेसष्ट गुण मिळाले. ती कॉलेजात गेली आणि तिने इतिहास घेतला.